तळ्याकाठचा लव्हाळा नेमका कोणता, हे कसे ओळखावे

आमच्या गावच्या पाझर तलावाचा काठ काही वर्षांपूर्वी ‘लव्हाळा माजला’ म्हणून यंत्र लावून खरवडून काढण्यात आला. पुढच्या पावसाळ्यात पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा सांडव्याकडचा काठ हातभर आत ढासळला आणि तळ्याचे पाणी दसऱ्यापर्यंत गढूळ राहिले. काम करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. कापसात आणि सोयाबीनमध्ये जो लव्हाळा खुरपून खुरपून बायकांची कंबर मोडते, तोच तळ्याकाठी माजला आहे अशी सर्वांची समजूत होती आणि त्या वेळी मलाही वेगळे काही सांगता आले नाही. प्रत्यक्षात शेतातले झाड वेगळे होते, काठावरची झाडे वेगळी होती, आणि नाव मात्र सगळ्यांना मिळून एकच होते. त्यानंतर अनेक हिवाळे काठावर बसून ही झाडे ओळखण्याची जी रीत माझ्या हाताला बसली, ती येथे सविस्तर लिहीत आहे. तिला प्रयोगशाळा लागत नाही. बोटे, एक भिंग आणि थोडा वेळ पुरतो.

आधी नावांचा गुंता सोडवावा. पाण्याच्या कडेला उभ्या, सडपातळ, गवतासारख्या कोणत्याही झाडाला आपल्याकडे लव्हाळा, लव्हाळी, मोथा किंवा नुसते पाणगवत म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने त्यात निदान चार घराणी मिसळलेली असतात. पहिले खरे गवत, म्हणजे ज्या कुळात ज्वारी, ऊस आणि हराळी आहे ते. दुसरे मोथ्याचे कुळ, म्हणजे सायपेरेसी. यात जगभरात सुमारे ५,५०० जाती आहेत आणि आपल्या तळ्याकाठी लव्हाळा म्हणून दाखवली जाणारी बहुतेक झाडे याच कुळातली असतात. तिसरे जुंकेसी, आणि त्यातला मुख्य वंश जुंकस, ज्याला इंग्रजीत रश म्हणतात. लिनियसने १७५३ साली हे नाव शास्त्रात रूढ केले आणि या वंशात आज सुमारे ३०० जाती मानल्या जातात. चौथे पाणकणीस, ज्याचे तपकिरी, मऊ, काकडीएवढे कणीस कोणीही लांबून ओळखते. पाणकणसाबाबत सहसा चूक होत नाही. खरी गफलत पहिल्या तिघांत होते.

पाहणीसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात काठ पाण्याखाली असतो आणि एप्रिलनंतर बरेचसे वाळून जाते. मधल्या काळात मात्र पाणी हळूहळू मागे सरकते, ओला गाळ उघडा पडतो आणि याच वेळी बहुतेक जाती तुऱ्यावर येतात. मराठवाड्यात याचे सर्वांत मोठे दर्शन पैठणच्या नाथसागरावर घडते. १९६५ साली पायाभरणी झालेल्या आणि १९७६ साली लोकार्पण झालेल्या या जलाशयाचा विस्तार फार मोठा, पण खोली त्या मानाने कमी. त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी मैलभर जमीन उघडी पडते आणि शेतकरी तिच्यावर गाळपेर करतात. तेथे एक गोष्ट आवर्जून ध्यानात ठेवावी. नाथसागरावर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यातून वन विभागाच्या परवानगीवाचून वनस्पतीही उपटून नेता येत नाही. तेथे फक्त पाहावे, छायाचित्र काढावे, टिपण करावे. नमुना हवा असेल तर आपल्या गावचा पाझर तलाव, कोल्हापुरी बंधाऱ्यामागचा फुगवटा, कालव्याच्या कडेची ओल किंवा ओढ्यातला डोह यांपैकी काहीही चालते.

सोबत दहा पट मोठे दाखवणारे भिंग, एक ब्लेड, खुरपे, वही-पेन्सिल आणि जुनी वर्तमानपत्रे असावीत. काळ्या मातीचा गाळ वरून सुकून तडकलेला दिसतो आणि पाय ठेवताच गुडघ्यापर्यंत आत घेतो, म्हणून एकट्याने जाऊ नये, गमबूट घालावेत आणि पुढचे पाऊल टाकण्यापूर्वी काठीने जमीन चाचपावी. तीच काठी दाट ताटव्यात शिरण्यापूर्वी आपटावी. अशा जागी बहुधा बिनविषारी दिवडच निघते, तरी उंदरांमागे नाग आणि घोणसही येतात.

आता प्रत्यक्ष ओळख. पहिली परीक्षा बोटांची आहे. तुरा आलेली एक काडी बुडाशी कापून घ्यावी आणि अंगठा व तर्जनी यांत धरून गोल फिरवावी. काडी अडखळत फिरली, तीन कडा बोटांना स्पष्ट लागल्या, तर ती तिधारी आहे आणि झाड मोथ्याच्या कुळातले आहे असे जवळजवळ निश्चित समजावे. काडी गुळगुळीत गोल फिरली तर ते गवत असेल, जुंकस असेल किंवा मोथ्याच्याच कुळातला एखादा गोल काडीचा फसवा भाऊबंद असेल. मग काडीवर पेरे आहेत का ते पाहावे. उसाला किंवा ज्वारीच्या ताटाला जशी फुगीर पेरे असतात तशी पेरे असतील आणि दोन पेरांमधला भाग पोकळ असेल तर ते बहुधा गवत होय. मोथ्याच्या आणि जुंकसच्या तुऱ्याच्या दांड्यावर अशी उठून दिसणारी पेरे नसतात.

दुसरी परीक्षा पानांची. झाड वरून, डोळा अगदी शेंड्यावर आणून पाहावे. गवताची पाने समोरासमोर दोन रांगांत निघतात. मोथ्याची पाने तीन रांगांत निघतात आणि वरून पाहिले की तीन पात्यांच्या पंख्यासारखी मांडणी दिसते. यानंतर पानाचा जो तळ काडीला वेढून असतो तो नखाने सोडवून पाहावा. गवतात हा वेढा एका बाजूने उघडा असतो आणि सहज उलगडतो. मोथ्यात तो नळीसारखा बंद असतो आणि फाडल्याशिवाय सुटत नाही. जुंकसमध्ये तो पुन्हा बहुधा उघडा असतो. ही खूण पुस्तकात वाचताना क्षुल्लक वाटते, पण तुरा नसलेले कोवळे झाड हाती आले तर तिच्याइतका भरवशाचा आधार दुसरा नाही.

तिसरी परीक्षा ब्लेडची, आणि मला ती सर्वांत आवडते. काडी आडवी कापून तोंड उजेडाकडे धरावे. तिधारी मोथ्यात त्रिकोण दिसतो आणि तो आतून भरीव असतो. जुंकसच्या गोल काडीत पांढरा, स्पंजासारखा गाभा असतो. मऊ जुंकस म्हणून प्रसिद्ध असलेल्या जुंकस इफ्युससच्या काडीची साल सोलली तर तो गाभा अखंड दोऱ्यासारखा बाहेर येतो. पूर्वी चीन-जपानमध्ये दिव्याच्या वाती याच गाभ्याच्या करीत आणि जपानातल्या तातामी चटयाही याच जातीच्या काड्यांनी विणल्या जातात. याउलट आपल्या तळ्यांत सापडणारा स्किनोप्लेक्टस आर्टिक्युलेटस हा मोथ्याच्या कुळातला असूनही त्याची काडी गोल असते. उभी चिरली तर आत ठरावीक अंतरावर आडवे पडदे दिसतात, जणू बोटभर उंचीच्या खोल्यांची चाळ. याच कुळातल्या एलिओकॅरिसच्या काही जातींतही असे पडदे असतात आणि काडी चिमटीत दाबत नेली की ते एकामागून एक फुटल्याचा बारीक आवाज येतो.

गोल काडीचे हे दोन भाऊबंद तुऱ्यावरून चटकन वेगळे करता येतात. एलिओकॅरिसच्या काडीवर पान नसते आणि अगदी टोकाला एकच कणिशक, म्हणजे खवल्यांचे इवलेसे कणीस, असते, काडेपेटीतल्या काडीला गूल असते तसे. स्किनोप्लेक्टसमध्ये कणिशकांचा गुच्छ काडीच्या टोकाला नसून मध्येच बाजूला चिकटवल्यासारखा दिसतो, कारण गुच्छाखालचे पान काडीसारखेच गोल होऊन सरळ वर चढलेले असते. हीच मांडणी जुंकस इफ्युससमध्येही असते, आणि म्हणून गुच्छ बाजूला आहे एवढ्यावरून जुंकसचा निकाल देणे ही नवशिक्याची ठरलेली चूक आहे. मी स्वतः दोन हिवाळे ती केली.

निकाल देण्याचा खरा अधिकार फुलाला आणि फळाला आहे. भिंगाखाली जुंकसचे फूल म्हणजे इवलीशी सहा पाकळ्यांची चांदणी असते. तीन बाहेर आणि तीन आत अशी ही हिरवट-तपकिरी, कोरडी परिदले असतात. पिकल्यावर मधे लहानसे बोंड राहते, ते तीन फाकांनी उकलते आणि आतून धुळीसारखे पुष्कळ बी सांडते. मोथ्याच्या कुळात अशी चांदणी कधीच नसते. तेथे खवल्यांची उतरंड असते, प्रत्येक खवल्याआड एक फूल असते आणि त्याचे फळ म्हणजे एकच टणक दाणा. तेव्हा पिकलेला तुरा तळहातावर चोळावा आणि फुंकर घालून कोंडा उडवून द्यावा. हातावर उकललेली बोंडे आणि बारीक भुकटी राहिली तर जुंकस, सुटे टणक दाणे राहिले तर मोथ्याचे कुळ.

जुंकस हा वंश मुळात थंड हवामानाचा आहे आणि उष्ण प्रदेशात तो बहुधा डोंगराळ, थंड जागी भेटतो. म्हणून परभणी, नांदेड किंवा लातूरच्या सपाटीवर गोल, हिरवी, बिनपानाची काडी दिसली की प्रथम मोथ्याच्या कुळाचा विचार करावा आणि बोंड पाहिल्यावाचून जुंकसचे नाव वहीत लिहू नये. शोध घ्यायचाच असेल तर उंच ताटव्यांपेक्षा गुडघ्यावर बसून ओल्या गाळाकडे पाहावे. जुंकस ब्युफोनियस ही जवळजवळ जगभर पसरलेली एकवर्षायू जात अवघी वीतभर, कधी तर बोटभरच असते. ती ओल्या चाकोरीत, जनावरांच्या खुरांच्या खळग्यांत, उघड्या चिखलावर उगवते. तिचे बी ओले झाले की बुळबुळीत होऊन पायांना आणि चाकांना चिकटते, आणि त्यामुळे ती बैलगाडीच्या वाटेनेही प्रवास करू शकते. पानावरून नख फिरवल्यावर बारीक आडव्या गाठी लागणाऱ्या जुंकसच्या काही जातीही आहेत. ती खूण सापडली तर झाड जपून ठेवावे आणि जाणकाराला दाखवावे.

चौथी आणि शेवटची परीक्षा जमिनीखालची आहे. खुरप्याने झाड मुळांसकट काढावे, ओढून काढू नये. तळ्याच्या गाळात उगवणाऱ्या झाडाची मुळे पाण्यात हलकेच धुतली की एक नवल दिसते. भोवतालचा गाळ काळाभोर असतो, त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, कारण त्यात हवा उरलेली नसते. तरीही मुळांवर गंजासारखा तांबूस थर असतो. काडीतल्या स्पंजासारख्या गाभ्यातून किंवा पोकळ्यांतून हवा वरून खाली येते, मुळांतून थोडी बाहेर झिरपते आणि गाळातल्या लोहाला तेथल्या तेथे गंज चढवते. हे झाड बारमाही ओलीत कसे जगते याचे उत्तर त्या तांबूस थरात आहे. महापुरात मोठी झाडे गेली तरी लव्हाळे वाचते असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते वाचते ते लवचीक काडीमुळे आणि गाळात आडव्या पसरलेल्या मूळखोडांच्या जाळ्यामुळे. तेच जाळे काठाची मातीही धरून ठेवते.

शेतातल्या लव्हाळ्याचे, म्हणजे सायपेरस रोटुंडसचे, जमिनीखालचे रूप अगदी निराळे असते. त्याला काळपट गाठी असतात, त्या बारीक तंतूंनी एकमेकींना माळेसारख्या जोडलेल्या असतात, आणि गाठ ठेचून नाकाशी नेली की ओळखीचा सुगंध येतो, कारण दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा ही याच घराण्यातली वस्तू आहे. तुरा तांबूस-जांभळट असतो. कलिंगडाच्या किंवा मिरचीच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरला असताना तो पेपर सुईसारख्या टोकाने फोडून जे वर येते ते हेच झाड. सतत साचलेल्या पाण्यात ते सहसा नांदत नाही. म्हणून तळ्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडांमुळे शेतात लव्हाळा येतो ही भीती बव्हंशी निराधार आहे. शेतातला लव्हाळा शेतातल्याच गाठींतून येतो. ओल असताना वखराने त्या माळा तोडल्या की प्रत्येक गाठ स्वतंत्र झाड होते, आणि पाने ओढून काढली तर गाठ मातीत तशीच राहते. त्यावर उपाय उन्हाळी खोल नांगरटीचा आहे, म्हणजे गाठी वर येऊन एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण वाळतील. आणि पुढे लवकर झाकोळणारे, दाट पीक घ्यावे, कारण या झाडाला सावली मानवत नाही.

एवढी ओळख झाली की ही झाडे जमिनीविषयी बोलू लागतात, आणि माझ्या मते शिकण्याचे खरे फळ तेच आहे. कालव्याखालच्या शेतात एखाद्या पट्ट्यात गहू पिवळा पडत असेल आणि त्याच पट्ट्यात गोल काडीची किंवा तिधारी पाणझाडे वर्षभर हिरवी राहत असतील, तर तेथे भूजल मुळांपर्यंत चढले आहे, जमीन चिबड होत आहे, आणि खत वाढवण्याऐवजी चर काढण्याचा विचार करणे योग्य. पाझर तलावाच्या मातीच्या भरावाकडे तर अधिकच लक्ष द्यावे. भरावाच्या बाहेरच्या, कोरड्या असायला हव्या त्या पायथ्याशी उन्हाळ्यातही मोथ्याचा हिरवागार ताटवा दिसला तर आतून पाणी झिरपत आहे असे समजावे. तो ताटवा उपटून टाकू नये. त्याची जागा आणि तारीख लिहून ग्रामपंचायतीला आणि तलाव ज्यांच्याकडे आहे त्या विभागाला कळवावे. तेथून गढूळ पाणी येत असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण गढूळपणा म्हणजे भरावाची माती वाहून जात असल्याची खूण आहे.

काठ साफ करायचाच असेल तर सर्वच्या सर्व खरवडू नये. पाणकणीस उथळ पाण्यात मूळखोडाने झपाट्याने पसरते आणि लहान तळे भरून टाकते, ही तक्रार खरी आहे. ते सांडव्याच्या तोंडाशी, घाटाशी आणि जनावरांच्या पाणवठ्याशी कापावे. कापताना पाण्याच्या पातळीखाली कापले तर हवेची वाट बंद होऊन मूळखोड कुजते आणि फुटवा कमी येतो. मात्र जांभळ्या पाणकोंबड्यांची घरटी अशाच ताटव्यात असतात, म्हणून पावसाळा आणि त्यानंतरचे दोन महिने हे काम टाळावे. पाण्याच्या रेषेवरचा मोथा आणि स्किनोप्लेक्टस यांचा दोन-तीन हात रुंदीचा पट्टा सर्वत्र राहू द्यावा, कारण लाटांचा मार तोच सोसतो.

जेथे काठ उघडा पडला आहे तेथे हा पट्टा पुन्हा लावता येतो, आणि आमच्या तळ्यावर आम्ही तो तसाच लावला. त्याच तळ्याच्या दुसऱ्या बाजूचे ठोंब खुरप्याने काढावेत, प्रत्येक तुकड्याला जिवंत कोंब आणि वीतभर मूळखोड असेल असे वेगळे करावेत, वरच्या काड्या हातभर ठेवून छाटाव्यात आणि पाऊस सुरू होताच ओल्या गाळात एकेक फुटावर लावावेत. कोवळी काडी पूर्ण बुडाली तर झाड गुदमरते, म्हणून पहिल्या वर्षी खोल पाण्याकडे सरकू नये. शेळ्या-म्हशी पहिले वर्षभर त्या बाजूला जाऊ न देणे हेच सर्वांत अवघड काम आहे आणि ते गावाला विश्वासात घेतल्यावाचून होत नाही. मुख्य भरावावर कोणतीही लागवड परस्पर करू नये. प्लॅस्टिकचा कागद घातलेल्या शेततळ्यात यांपैकी काहीही लावू नये, आणि शेतातल्या लव्हाळ्याची गाठ त्या कागदाखाली राहणार नाही याची तळे खोदतानाच काळजी घ्यावी.

शेवटी नमुना ठेवण्याविषयी, कारण छायाचित्रावरून ही झाडे ओळखणे जाणकारालाही जड जाते. तुरा आणि पिकलेली फळे असलेले झाड मुळांसकट घ्यावे, मुळे धुवावीत, लांब काडी कापून टाकण्याऐवजी मोडून इंग्रजी ‘एन’ अक्षरासारखी घडी घालावी आणि वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर वजन ठेवावे. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदलावेत, नाहीतर पाणवनस्पतींना हमखास बुरशी लागते. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, गाव, तालुका, पाण्याची खोली, मातीचा प्रकार, ताज्या झाडाचा रंग आणि काडी गोल होती की तिधारी हे लिहावे. वाळल्यावर दाबलेली गोल काडीही चपटी होते आणि मग ते कळत नाही. गावात त्या झाडाला जे नाव आहे ते सांगणाऱ्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावे, पण चिठ्ठीवर नुसते ‘लव्हाळा’ एवढ्यावर थांबू नये. एकाच झाडाच्या दोन घड्या कराव्यात, दोन्हींवर एकच क्रमांक टाकावा. एक छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र विभागाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांकडे न्यावी आणि दुसरी घरी ठेवावी, म्हणजे नाव कळल्यावर त्याच क्रमांकासमोर ते लिहिता येते.